पन्नास शब्दांचा कप्तान

ऑर्हूस, १४ जानेवारी

प्रिय ट्रोल्स,

ख्रिसमसला आले नाही म्हणून तू रागावला नसशील. रागवायचं त्राण आपल्या दोघांतही आता उरलेलं नाही. सगळी सुट्टी मी अर्ज लिहिण्यात घालवली, आणि तोही तू नोकरी करतोस त्याच संशोधन निधीकडे पाठवायचा. पहिल्या वेळी तुम्ही पैसे दिलेत तेव्हा तू दुसऱ्या विभागात होतास, म्हणून तुला आमच्या कामाची नीटशी माहिती नाही. थोडक्यात सांगते.

आस्गर नावाचा एक माणूस आहे. एबेल्टोफ्टला राहतो. फेरीबोटीचा कप्तान होता. एका बेटावरची माणसं, गाई, लग्नं, शवपेट्या, सगळं त्यानं वर्षानुवर्षं ने-आण केलं. मग मेंदूच्या देठाशी झटका आला आणि पापण्यांखेरीज काही हलेना. अक्कल जागच्या जागी, जीभ पहिल्यापासूनच तिखट, फक्त शब्दांना बाहेर यायला वाट नाही. त्याची बायको बोदिल अक्षरांचा फळा धरायची, तो पापणी मिटायचा. एक वाक्य पुरं होईपर्यंत तिचा हात भरून यायचा.

आम्ही त्याच्या मेंदूवर टपालाच्या तिकिटाएवढी जाळी बसवली. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा जिभेला, ओठांना जो हुकूम सुटतो, तो ती जाळी पकडते. मॉन्ट्रियलला लुसियाँचं मोठं यंत्र आहे, ते त्या हुकमांचे शब्द करतं. कोरियाची सो-युन दर आठवड्याला एबेल्टोफ्टला जाऊन सगळं पुन्हा जुळवते, कारण मेंदू काही एका जागी बसून राहत नाही. आणि मी भाषाशास्त्रवाली, कोणता आवाज कोणत्या आवाजामागे येतो ते सांगणारी. आवाज मात्र आस्गरचाच. बोटीवरच्या सूचनांच्या जुन्या ध्वनिफिती सापडल्या, त्यावरून केलेला.

पहिल्या दिवशी तो काय बोलला सांगू? आम्ही सगळे पलंगाभोवती उभे. विद्यापीठाचा छायाचित्रकारही होता. आस्गर म्हणाला, "बोदिल, आजारी पडल्यापासून तू मला पाणचट कॉफी देतेयस." ती चमच्यानं जिभेला लावते तेवढीच तो घेतो. बोदिल म्हणाली, "इतके दिवस बोलला का नाहीस रे मेल्या?" आणि मग खुर्चीत बसून रडायला लागली.

तर जूनमध्ये पैसे संपतात. तुमच्या नव्या योजनेचं नाव वाचलं: समाजापुढील आव्हानांसाठी उलथापालथ घडवणारं तंत्रज्ञान. तीन देश हवेत, ते आहेत. तीन विद्याशाखा हव्यात, त्याही आहेत. पण उलथापालथ व्हायची ती होऊन गेली रे. आता ती फक्त चालू ठेवायची आहे. चालू ठेवण्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात, तेवढं सांग.

तुझी,
मेरेते

*

कोपनहेगन, २६ जानेवारी

प्रिय मेरेते,

बरं झालं, कागदावर लिहिलंस आणि घरच्या पत्त्यावर. यापुढेही असंच लिही, पण अर्जाबद्दल एक अक्षर नको. अर्जदार माझी मावसबहीण आहे, हे मी इथे लेखी कळवलं आहे. तुमचा अर्ज चर्चेला आला की मी उठून व्हरांड्यात जाऊन उभा राहणार. तिथे रबराचं एक झाड आहे. गेल्या काही वर्षांत मी त्याच्याशी बऱ्याच गप्पा मारल्या आहेत, कारण डेन्मार्क लहान आहे आणि प्रत्येक जण कुणाचा तरी कुणीतरी लागतो.

तुझ्या प्रश्नाला उत्तर देत नाही. एरवी बरा आहे. गुडघा दुखतो. दिवसभर मी लोकांची स्वप्नं वाचतो, अगदी शब्दशः. दुष्काळ संपवणारे, एकटेपणा संपवणारे, म्हातारपण संपवणारे. सगळ्यांच्या स्वप्नांना एकच मुदत. संध्याकाळी घरी आलो की वर्तमानपत्रही वाचवत नाही.

उन्हाळी घराचं छप्पर गळतंय, ते बघायला सुतार आणला होता. म्हणाला, "हे दुरुस्त करायला कुणी यायचं नाही. नवं घालायचं असेल तर उद्याच माणसं लावतो." जग असंच झालंय. नवं काढा, माणसं धावत येतील. जुनं टिकवायला म्हणाल तर दाराची कडी वाजवणाराही सापडायचा नाही.

जेवत जा. राय-पावाचा सुका तुकडा चघळत अर्ज लिहिलेला मला इथे बसून दिसतोय.

तुझा,
ट्रोल्स

*

ऑर्हूस, ९ मार्च

प्रिय ट्रोल्स,

तुझा छपराचा इशारा कळला. किती दिवस मी ते पत्र टेबलावर ठेवून बघत होते! चालू ठेवणं मागू नका, नवं काहीतरी मागा. बरोबर? लुसियाँला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "तुझा भाऊ हुशार आहे."

म्हणून अर्ज पुन्हा लिहिला. आता आम्ही अंदाज बांधणारं यंत्र जोडतोय. आस्गरनं वाक्य सुरू केलं की पुढचं यंत्रच पुरं करतं. एका शब्दाच्या कष्टात पूर्ण वाक्य! लुसियाँकडे ते जवळजवळ तयारच होतं. मसुद्यात शोभूनही दिसतं. पहिलं पान वाचून मला स्वतःलाच पैसे द्यावेसे वाटले.

आस्गरला पटलेलं नाही. सो-युननं पहिल्यांदा ते चालू केलं तेव्हा तो शेजारच्या जेन्सबद्दल काही सांगत होता. "जेन्स" म्हणाला मात्र, यंत्रानं पुढे सांगून टाकलं, "जेन्स फार चांगला शेजारी आहे." आस्गर डोळे मिटून घेऊन राहिला. मग अंदाजाचं यंत्र बंद करायला लावून म्हणाला, "जेन्सनं माझी शिडी नेली ती आणून दिली नाही, हे सांगत होतो."

मी समजावलं, "अरे, यंत्र शिकेल."

"काय शिकेल? सभ्यपणा? तो मला कधी जमला नाही, आता माझ्या नावावर कशाला?"

"हे जोडलं नाही तर पैसे मिळायचे नाहीत, आस्गर. मग हेही जाईल आणि तेही."

बोदिलनं माझा कोट आणून हातात दिला. म्हणजे निघा आता. दारात म्हणाली, "मेरेते, तू थकलीस. पण तो तुझ्यापेक्षा जास्त थकलाय, दिवसभर नुसता पडून असला तरी."

अर्ज पाठवला. परीक्षक मंडळ एप्रिलमध्ये इकडे येणार आहे. आस्गरला त्यांच्यापुढे बोलावं लागेल. मी त्याला अजून विचारलेलं नाही.

तुझी,
मेरेते

*

कोपनहेगन, १३ मार्च

मेरेते,

छप्पर म्हणजे छप्पर होतं. लाकडाचं, गळणारं. इशारा बिशारा काही नव्हता.

निकाल लागेपर्यंत मला लिहू नकोस. का ते विचारू नकोस. सगळं ठीक आहे.

ट्रोल्स

*

ऑर्हूस, २० जून

प्रिय ट्रोल्स,

निकाल लागला आहे, म्हणजे आता लिहायला हरकत नसावी. तुला ठाऊक असेलच. आम्हाला मिळालं नाही.

मंडळ आलं त्या दिवसाचं सांगते. तुमच्या कागदात त्याबद्दल फक्त "प्रात्यक्षिक पाहिले" एवढंच असेल.

पाच जण आले होते. अध्यक्षीणबाई लिस्बनच्या, पिकलेल्या केसांच्या, प्रेमळ. एबेल्टोफ्टच्या त्या बैठकीच्या खोलीत आधीच पलंग, यंत्रं, सो-युन, बोदिल, मी. त्यात हे पाच आणि त्यांचे कोट. बोदिलनं सकाळीच आस्गरची दाढी करून त्याला निळा स्वेटर घातला होता. मंडळापुढे बोलायला तो तयार झाला त्याचं कारण मला आजही नीट माहीत नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला होता, "प्रवासी आले तर कप्तानानं वर डेकवर यायला हवं."

तो डॅनिश बोलणार, मी त्याचं इंग्रजी करून सांगणार, असं ठरलं होतं.

बाईंनी विचारलं, "या यंत्रानं तुम्हाला काय दिलं?"

आस्गर म्हणाला, "मला..." आणि यंत्राचा कर्णा त्याच्याच त्या बोटीवरच्या भरदार आवाजात एका दमात बोलून गेला, "मला माझं आयुष्य परत मिळालं."

मी भाषांतर केलं. ट्रोल्स, काय सांगू तुला, एका माणसाचे डोळे भरून आले. बाईंनी छातीवर हात ठेवला. मी सो-युनकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

तेवढ्यात पडद्यावर दिसलं की आस्गरनं अंदाज बंद केला. तसं त्याला करता येतं, ती सोय त्यानंच भांडून करून घेतली होती. मग तो एकेक शब्द ओढून आणत बोलला.

"मला. उकडतंय. म्हणत होतो. खिडकी उघडा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो काय म्हणाला ते खोलीतल्या पाहुण्यांपैकी कुणालाच कळलं नव्हतं. ट्रोल्स, माझ्या मनात येऊन गेलं की "मी तुमचा ऋणी आहे" असं काहीतरी सांगावं. कोण पकडणार होतं? लुसियाँ मॉन्ट्रियलला. सो-युन बोलली नसती. बोदिल माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, नुसतीच, बसस्टॉपवर उभं राहून गाडी येते का बघावं तशी.

मी जे होतं ते सांगितलं. दोघे हसले. मग कुणीच हसलं नाही. अध्यक्षीणबाई स्वतः उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. जाताना त्यांनी आस्गरच्या हातावर हात ठेवला, बराच वेळ.

निकालपत्र असं: अंदाज बांधणारं यंत्र अजून भरवशाचं नाही. ते वगळलं तर बाकीचं काम उत्कृष्ट आहे, पण नवं नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

तू मार्चपासून गप्प का? निदान एवढं तरी सांग, की व्हरांड्यात उभा होतास तेव्हा आतून काही ऐकू आलं का?

मेरेते

*

कोपनहेगन, २ जुलै

प्रिय मेरेते,

मी व्हरांड्यात नव्हतो. त्या मजल्यावरच नव्हतो.

तुझं मार्चचं पत्र मी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. नियमच तसा आहे: अर्जदारानं अर्जाबद्दल लिहिलं तर कळवायचं. ठेवलं नसतं तर कुणाला कळलं नसतं, हे मलाही माहीत होतं. पण पुढे कधी कुणी काढलं असतं, तर तुमचा अर्ज पहिल्या फेरीतच बाद झाला असता, भावाच्या इशाऱ्यावर लिहिलेला म्हणून. त्यांनी छपराबद्दल मला बरंच विचारलं. एकानं तर खरंच विचारलं, सुतार कोण. शेवटी अर्ज राहिला आणि मला तिथून हलवलं. आता मी प्रसिद्धी विभागात आहे. पुस्तिका काढतो. हसऱ्या शास्त्रज्ञांचे फोटो निवडतो. तुला सांगितलं नाही, कारण तू स्वतःला दोष देत बसली असतीस आणि मंडळापुढे उभं राहायला तुला सगळं बळ हवं होतं.

जायच्या आधी एक केलं. कार्यकारिणीपुढे एक पानी टिपण ठेवलं: ज्या कामात माणसाच्या शरीरात काही बसवलं जातं, तिथे मुदत संपल्यानंतरच्या सांभाळासाठी पहिल्याच दिवशी काही भाग बाजूला काढून ठेवावा. मला वाटलं होतं, हसतील. हसले नाहीत. एक बाई म्हणाल्या, "हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही?" चर्चा झाली, उपसमिती नेमली, आणि मे महिन्यात मंजूरही झालं. पुढच्या योजनेपासून लागू.

पुढच्या. मागच्यांना लावायचं तर सगळे जुने करार उघडावे लागतील, ते होणार नाही. हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण कळवलं नाही तर तेही बरं नाही.

तू त्या खोलीत खरं भाषांतर केलंस ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर फिरून आलो.

तुझा,
ट्रोल्स

*

ऑर्हूस, १८ सप्टेंबर

प्रिय ट्रोल्स,

तुझ्या जुलैच्या पत्राला इतक्या उशिरा उत्तर देतेय, कारण आधी मला राग आला होता. तुझा नाही. पुढच्यांचा. जे अजून आजारीही पडलेले नाहीत त्यांचा. कुणीतरी कुठेतरी आज जिना चढतोय, सायकल चालवतोय, त्याची सोय झाली, आणि आस्गरची नाही. असला राग माणसानं कुणाला सांगायचा? मग तो हळूहळू उतरला. तू केलंस ते चांगलं केलंस. माझ्यासाठी पत्र नेऊन ठेवलंस तेही. पण मला तेव्हाच सांगायचं होतंस. मी काही काचेचा पेला नाही.

इथे आवराआवर चालली आहे. माझ्या विद्यार्थिनीनं बँकेत नोकरी धरली. सो-युन नोव्हेंबर संपता संपता कोरियात, देजॉनला परत जाणार, तिच्या आईची तब्येत बरी नसते. लुसियाँनं मोठं यंत्र दुसऱ्या कामांच्या आडोशानं नोव्हेंबर अखेरीपर्यंत चालू ठेवायचं कबूल केलंय. त्यापुढे त्याचाही नाइलाज आहे. मी दहा ठिकाणी लिहिलं. रुग्णालय म्हणतं, हे संशोधन आहे. संशोधनवाले म्हणतात, हा उपचार आहे. नगरपालिकेची बाई फार कनवाळू होती. तिनं आस्गरसाठी नवी गादी मंजूर केली.

जाळी काढायची का, हेही विचारून झालं. शल्यविशारद म्हणाला, "त्रास देत नसेल तर राहू दे." आस्गर म्हणाला, "बुडालेली बोटही कुणी काढत नाही, वाटेत येत नसेल तर."

एकच आशा आहे. सो-युन सुट्टीच्या दिवशीही एबेल्टोफ्टला जाऊन बसते. एक लहानसं यंत्र ती तयार करतेय. मॉन्ट्रियलशी संबंध नाही, दर आठवड्याच्या जुळणीची गरज नाही, बोदिलच्या कोठीत जॅमच्या बरण्यांशेजारी मावेल असं. अडचण अशी की त्यात सगळी भाषा बसत नाही. पन्नासेक शब्द, आणि ते एकमेकांपासून वेगळे उमटणारे हवेत, नाहीतर घोटाळा होतो. शब्द एकदा ठरले की ठरले. नंतर बदलायला कुणी असणार नाही.

म्हणजे आम्हाला आस्गरला सांगावं लागेल: यातले पन्नास ठेव, बाकीची भाषा परत दे.

मी भाषाशास्त्रज्ञ आहे. मला वाटायचं, मला भाषेबद्दल काहीतरी माहिती आहे.

मेरेते

*

कोपनहेगन, ५ नोव्हेंबर

प्रिय मेरेते,

हे पत्र लिहायची मला लाज वाटतेय, आणि तरी लिहितोय, कारण मी लिहिलं नाही तर दुसरा कुणीतरी तुला ईमेल करेल आणि त्यात "आनंदाची संधी" असे शब्द असतील.

निधीला दहा वर्षं झाली. त्याची पुस्तिका निघतेय. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आस्गरचा फोटो घ्यायचं ठरलंय, तो पहिल्या दिवशीचा. तुमचं काम आमचं सगळ्यात गाजलेलं काम आहे, हे तुला माहीत आहे का? मंत्र्यांच्या भाषणात येतं. मी बैठकीत म्हटलं की ते काम बंद पडतंय. साहेब म्हणाले, "हो, पण झालं तर होतं ना?"

त्यांना फोटोखाली आस्गरच्या दोन ओळी हव्या आहेत. कृतज्ञतेच्या. तसं तोंडानं कुणी म्हणत नाही, पण हव्या त्याच आहेत.

त्याला विचार, किंवा विचारू नकोस. तू "नाही" म्हणालीस तर मी इथे सांभाळून घेईन. एवढं तर या खुर्चीत बसून नक्कीच करू शकतो. आणि शब्द निवडायचं काय झालं, ते कळव. माझ्या डोक्यातून ते जात नाही. परवा दुकानात रांगेत उभा होतो आणि लक्षात आलं की माझे मी मोजतोय, कुठल्या शब्दांवाचून माझं चालेल. बरेच निघाले. नोकरीतले जवळजवळ सगळेच.

ट्रोल्स

*

ऑर्हूस, १ डिसेंबर

प्रिय ट्रोल्स,

झालं. लुसियाँचं यंत्र काल बंद झालं. त्याआधीचा आठवडा आम्ही एबेल्टोफ्टलाच काढला.

मी तक्ते घेऊन गेले होते. माणूस दिवसात सर्वांत जास्त कोणते शब्द वापरतो, त्यांचे. पहिलाच शब्द "आणि". आस्गर म्हणाला, "आणि कशाला? मी थांबलो नाही म्हणजे आणि." दुसरा, तिसरा, सगळे त्यानं असेच उडवले. मग मी तक्ते पिशवीत घातले आणि नुसती लिहून घेत बसले.

"नाही" आधी घेतला. "हो" नको म्हणाला, हो म्हणायला पापणी पुरते. बोदिलचं नाव. मुलीचं नाव. "मी", "तुम्ही", "इथे", "कुठे". "वारा" घेतला, आणि चार दिशा घेतल्या, चारीच्या चारी. सो-युन म्हणाली, दिशांना चार जागा फार होतात. तो म्हणाला, "दिशांशिवाय वारा म्हणजे नुसता आवाज." "मूर्खपणा" घेतला. एक शिवी घेतली, ती मी पत्रात लिहीत नाही. मावशी असती तर तिनं आपल्या दोघांची तोंडं साबणानं धुतली असती. "शिडी" घेतला, अजून जेन्सनं आणून दिलेली नाही. "कंटाळा". "दुखतंय". "पुरे".

मी म्हटलं, "प्रेम?"

तो काही बोलायच्या आत बोदिलच म्हणाली, "ते काढ. त्याच्या जागी 'कूस' घाल. याची कूस कधी बदलायची ते मला कळत नाही, अंदाजानं करते मी." आस्गर तिच्याकडे बघत म्हणाला, "मग आजवर सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तू इतकं बोलत होतास, मध्ये बोलायला जागाच कुठे होती?"

"कूस" घातला.

शेवटी शेवटी दोनतीन जागा उरल्या. सो-युननं यादी वाचून दाखवली आणि मला चुकल्यासारखं वाटलं. म्हटलं, "आस्गर, 'धन्यवाद' राहिला." आपल्याकडे मीठ पुढे सरकवलं तरी तीनदा म्हणतात तो शब्द. त्याच्याशिवाय माणूस दुकानात शिरू शकत नाही.

मोठ्या यंत्रावरचं ते त्याचं शेवटचं लांब बोलणं. मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

"ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही, तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत धन्यवादच म्हणत असतो, मेरेते. गादी उचलणारीला, नळी बदलणाऱ्याला, तुला, सो-युनला, न पाहिलेल्या निधीवाल्यांना. फळ्यावर म्हटलं, यंत्रावर म्हटलं. आता या पन्नासांत तरी मला दुसरं काहीतरी म्हणू दे. तो शब्द ज्यांना हवा असेल त्यांनी मी म्हटला असं समजावं."

मग आम्ही लहान यंत्राकडे वळलो. ते चालतंय. आवाज पूर्वीसारखा भरदार नाही, डब्यात बसून बोलल्यासारखा येतो. पण त्याचाच आहे. सो-युन परवा निघाली. तिला निरोप देताना तो म्हणाला, "पूर्व. वारा. नाही." म्हणजे पूर्वेकडे वारा नाही, विमान सुखरूप जाईल. निदान आम्ही तसा अर्थ लावला. ती बाहेर जाऊन मोटारीत बराच वेळ बसून होती.

तुझा निरोप मी नंतर सांगितला, काल. फोटोखालच्या दोन ओळींचा. मला वाटलं, शिवी ऐकायला मिळणार. त्यानं डोळे मिटले, मला वाटलं झोपला. मग डब्यातून आवाज आला:

"मी इथे. तुम्ही कुठे?"

धुक्यात समोरच्या बोटीला तो असंच विचारायचा, बोदिल म्हणाली. उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा.

तर हे त्याचं वाक्य. पाहा, छापतात का.

तुझी,
मेरेते

*

कोपनहेगन, ९ जानेवारी

प्रिय मेरेते,

छापलं नाही. मी चार बैठकांत मांडलं. साहेब म्हणाले, "वाचणाऱ्याला वाटेल, ही तक्रार आहे." मी म्हटलं, "आहेच." मग फोटो गेला, खाली नुसतं नाव गेलं, आणि नावात एक चूक गेली. पुस्तिका सोबत पाठवत नाही.

मी मार्चअखेर निवृत्त होतोय, तसं पत्र दिलं. यात शौर्य काही नाही, एरवीही वर्षभरात झालोच असतो. जाण्यापूर्वी नव्या योजनेच्या नियमांत ते सांभाळाचं कलम जागेवर आहे ना, हे पुन्हा एकदा पाहून घेतलं. आहे.

मेरेते, एक वर्ष तू मला त्या माणसाबद्दल लिहितेयस आणि मी त्याच्याबद्दल वाचतोय, बैठकांत बोलतोय, त्याचा फोटो कापून पानात बसवतोय. मी त्याला अजून पाहिलेलंही नाही.

शनिवारच्या सकाळच्या गाडीनं येतोय. स्टेशनवर येऊ नकोस, तुला थंडीत उभं करायचं नाही. एबेल्टोफ्टची बस मला सापडेल. बोदिलला विचारून ठेव, त्यांना चालेल ना. आणि आस्गरनं विचारलं होतं ना, तुम्ही कुठे; त्याला सांग, पूर्वेकडून येतोय.

तुझा,
ट्रोल्स